शेठ वालचंद हिराचंद : नीरेकाठचा कारखाना आणि बॅलार्ड इस्टेटमधील कचेरी

मुंबईच्या बोरीबंदर स्थानकातून बाहेर पडावे, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणाऱ्या मोठ्या टपाल कचेरीला वळसा घालावा आणि गोदीच्या दिशेने चालू लागावे, म्हणजे थोड्याच अंतरावर गर्दीचा कोलाहल एकाएकी ओसरतो. रुंद, सरळ रस्ते, दुतर्फा सावली देणारी झाडे आणि एकमेकींशी उंचीने व वळणाने जुळणाऱ्या दगडी इमारती दिसू लागतात. हाच बॅलार्ड इस्टेटचा परिसर. याच परिसरातील एका रस्त्यावर 'वालचंद हिराचंद मार्ग' अशी पाटी आहे, आणि त्याच भागात 'कन्स्ट्रक्शन हाऊस' नावाची व्यापारी इमारत उभी आहे. आपल्या बारामती-इंदापूर परिसरातील जैन बांधवांना वालचंद शेठ ठाऊक आहेत ते वालचंदनगरमुळे. नीरेच्या काठावरील त्या नगरीचा मुंबईतील एका कचेरीशी असलेला संबंध मात्र सहसा सांगितला जात नाही. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने शेठजींचे चरित्र या दोन टोकांना जोडून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

शेठ वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे दोशींचे, दिगंबर जैन, मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापाराच्या निमित्ताने दक्षिणेत येऊन स्थिरावलेल्या अनेक गुजराती जैन कुटुंबांप्रमाणे हेही कुटुंब घरात गुजराती आणि बाजारात मराठी बोलत या मातीत रुजले. फलटण, बारामती, नातेपुते, अकलूज, सोलापूर या पट्ट्यातील आपल्या कितीतरी घरांची कुळकथा थोड्याफार फरकाने हीच आहे. पिताश्री हिराचंद नेमचंद दोशी हे नुसते पेढीवर बसणारे व्यापारी नव्हते. धर्मग्रंथांचा व्यासंग, समाजसुधारणेची कळकळ आणि लेखणीचे सामर्थ्य यांचा संगम त्यांच्या ठिकाणी झाला होता. मराठीतील जैन नियतकालिकांत जुने म्हणून ओळखले जाणारे 'जैन बोधक' हे त्यांनीच सोलापुरातून सुरू केले. ग्रंथ छापणे हेसुद्धा धर्मबाह्य मानणाऱ्या मंडळींचा तो काळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे हिराचंद शेठजींच्या धैर्याची कल्पना येते. पुत्राने पुढे आगगाड्या, आगबोटी, विमाने व मोटारी यांचा ध्यास घेतला तो वारसा कोठून आला, याचे उत्तर शोधताना या छापखान्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. नव्या साधनाला भिऊन दूर सारायचे नाही, ते आपल्या हाती घ्यायचे, ही शिकवण घरातच होती.

वालचंद लहान असतानाच मातृछत्र हरपले. सोलापुरात शालेय शिक्षण पूर्ण करून ते मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. तो प्लेगच्या साथीचा काळ होता. गावे ओस पडत होती, घरोघरी मृत्यू येत होते. कौटुंबिक अडचणींमुळे पदवी न घेताच त्यांना शिक्षण सोडावे लागले. घरच्या आडत व सावकारी व्यवसायात त्यांचे मन रमले नाही.

याच सुमारास त्यांची गाठ लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ. त्यांना कामाची माहिती होती, भांडवल नव्हते. वालचंदांपाशी भांडवल उभे करण्याची पत होती, पण कामाची माहिती नव्हती. एक ब्राह्मण कारकून आणि एक जैन व्यापारीपुत्र यांची ही भागीदारी त्या काळच्या सोलापुरात अनेकांना चमत्कारिक वाटली असल्यास नवल नाही. १९०३ च्या सुमारास बार्शी लाईट रेल्वेच्या अरुंद मार्गाच्या वाढीव कामातील एक तुकडा 'फाटक-वालचंद' यांना मिळाला. मातीचा भराव, खडीचे थर, लहान पूल, मोऱ्या असे ते काम. आज त्या कामाचा आकार क्षुल्लक वाटेल. परंतु रेल्वेची कंत्राटे गोऱ्या कंपन्यांनी किंवा त्यांच्या आश्रयाखालील मोजक्या घराण्यांनीच घ्यावयाची, हा संकेत त्या लहानशा कामाने मोडला. धान्याच्या पोत्यांचा हिशेब ठेवणाऱ्या घरातील तरुण आता घनफुटांचा हिशेब शिकू लागला.

पुढील पंधरा-सोळा वर्षांत या भागीदारीने बरीच मजल मारली. १९२० साली फाटक-वालचंद यांचा व्यवसाय टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत विलीन झाला आणि वालचंद तिचे कर्तेधर्ते झाले. पुढे टाटांचा हिस्सा त्यांच्याकडे आला व १९३५ साली कंपनीचे नाव 'प्रीमियर कन्स्ट्रक्शन' असे झाले. दरम्यान २७ जानेवारी १९२६ रोजी त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली. पुण्याहून मुंबईला आगगाडीने जाणारा प्रत्येक प्रवासी बोरघाटात ज्या बोगद्यांतून जातो, त्यांतील काही बोगदे या मंडळींच्या कर्तबगारीची साक्ष आहेत. सिंधू नदीवरील कालाबागचा पूल हेही त्यांचेच काम.

१९२६ साली स्थापन झालेल्या इंडियन ह्यूम पाईप कंपनीविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण तिचा माल आपल्या सर्वांच्या पायाखालून गेलेला आहे. ऑस्ट्रेलियातील वॉल्टर ह्यूम या कारागिराने काँक्रीटचा नळ तयार करण्याची एक युक्ती शोधून काढली होती. लोखंडी सळ्यांचा पिंजरा गोल साच्यात ठेवावयाचा, साचा आडवा धरून वेगाने फिरवावयाचा आणि त्यात ओले काँक्रीट घालावयाचे. फिरण्याच्या जोराने काँक्रीट साच्याच्या भिंतीवर दाबून बसते, पाणी आत निघून येते आणि घट्ट, सारख्या जाडीचा नळ तयार होतो. बिडाचे नळ परदेशातून आणण्यापेक्षा हे नळ येथेच, कामाच्या जागेजवळ, येथील मजुरांकडून करून घेता येतात, हे वालचंदांनी तत्काळ ओळखले. लोणी भापकरच्या जिरायत भागातील ओढ्या-नाल्यांवरील मोऱ्यांत जे सिमेंटचे नळे आपण लहानपणापासून पाहतो, त्यांना आपले शेतकरी बांधवसुद्धा 'ह्यूम पाईप' याच नावाने ओळखतात. परदेशी कारागिराचे आडनाव खेड्यातील बोलीत रुळावे, ही त्या धंद्याच्या यशाची एक वेगळीच पावती म्हणावी लागेल.

आता समुद्राकडे वळू. बॅलार्ड इस्टेटचा अर्थ समजावयाचा असेल, तर हा भाग वगळून चालणार नाही.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा हिंदुस्थानचा समुद्री व्यापार जवळजवळ सर्वस्वी ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होता. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांची सत्ता लॉर्ड इंचकेप यांच्याकडे एकवटली होती. कोणी देशी माणसाने बोट घेतली, की भाडे पाडावयाचे, तोटा सोसून त्याला बुडवावयाचे आणि मग पुन्हा भाडे चढवावयाचे, ही त्यांची नेहमीची पद्धत. तुतिकोरिनचे चिदंबरम् पिल्ले यांच्या स्वदेशी कंपनीची याच रीतीने वाताहत झाली होती. हे सर्व डोळ्यांसमोर असताना वालचंद शेठ या धंद्यात उतरले. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी युद्धकाळात रुग्णसेवेसाठी दिलेली 'लॉयल्टी' नावाची बोट विक्रीस निघाली आहे, अशी वार्ता त्यांना मिळाली. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास यांच्या साहाय्याने त्यांनी ती विकत घेतली. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनच्या प्रवासास निघाली. आज देशभर ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रस्थानाची आठवण म्हणून.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते, कारण गौरवग्रंथांत ती बहुधा झाकली जाते. ती बोट म्हणून 'लॉयल्टी' हा सौदा फायद्याचा ठरला नाही. १८९१ साली बांधलेली ती जुनी बोट अल्पावधीतच मोडीत काढावी लागली. १९२३ साली सिंदिया कंपनीला इंचकेप यांच्याशी दहा वर्षांचा करार करणे भाग पडले. त्या करारानुसार कंपनीने केवळ किनारपट्टीच्या मालवाहतुकीपुरते राहावयाचे आणि परदेशी मार्गांवर जावयाचे नाही, असे ठरले. स्वाभिमानी माणसाला हा घोट किती कडू लागला असेल! परंतु कंपनी बुडाली नाही, हेही तितकेच खरे. त्यापूर्वीच्या देशी कंपन्या बुडाल्या, ही तगली. अपमान गिळून तगण्यात शौर्य असते की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतात. प्रस्तुत लेखकाच्या मते असते. १९२८ साली किनारपट्टीची वाहतूक देशी बोटींसाठी राखून ठेवण्याचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात आले, त्यामागेही सिंदियाच्याच मंडळींचे परिश्रम होते. १९२९ साली नरोत्तम मोरारजी यांचे अपघाती निधन झाल्यावर कंपनीचे अध्यक्षपद वालचंदांकडे आले आणि ते १९५० पर्यंत त्यांच्याकडे राहिले.

बॅलार्ड इस्टेटची भूमी ही मुळी समुद्राचीच. अलेक्झांड्रा गोदी खोदताना निघालेली माती व दगड टाकून मुंबई पोर्ट ट्रस्टने सुमारे बावीस एकरांची ही जमीन तयार केली. गोदी १९१४ साली सुरू झाली. पोर्ट ट्रस्टचे संस्थापक कर्नल बॅलार्ड यांचे नाव या वसाहतीस देण्यात आले. 'गेटवे ऑफ इंडिया' आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम यांचे वास्तुकार जॉर्ज विटेट यांनी इमारतींना एकसारखी शिस्त लावून दिली. म्युझियमसाठी त्यांनी विजापूर-गुजरातचे घुमट-कमानी घेतल्या. येथे मात्र त्यांनी लंडनचा व्यापारी विभाग डोळ्यांसमोर ठेवला. उंच दगडी जोते, प्रवेशद्वाराशी भारदस्त खांब, माथ्यावर एका रेषेत धावणारी कंगोऱ्यांची पट्टी. दाराशी येणाऱ्या माणसाला आपण लहान आहोत असे वाटावे, असा त्या शैलीचा हेतूच असावा. जवळच्या धक्क्याला विलायतेच्या आगबोटी लागत. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडियाचे एजंट मॅकिनन मॅकेन्झी यांची कचेरीही येथेच. थोडक्यात, हिंदुस्थानच्या समुद्रावर ज्यांचे राज्य होते त्यांचा हा दरबार होता.

या दरबारात सिंदिया कंपनीने 'सिंदिया हाऊस' उभारले आणि वालचंद उद्योगसमूहाने 'कन्स्ट्रक्शन हाऊस'. या दोन्ही वास्तू विटेट यांच्या पिढीनंतरच्या, सिमेंट-काँक्रीटच्या युगातील. या बदलाचे मर्म समजून घेण्यास आपल्या गावाइतके चांगले ठिकाण नाही. लोणी भापकरची पुष्करणी, मल्लिकार्जुनाचे मंदिर, यज्ञवराहाची मूर्ती पाहिली, म्हणजे दगडाच्या कामाची रीत ध्यानात येते. दगडावर दगड रचावयाचा. भार खाली खाली उतरत जाणार. म्हणून भिंत जाड, दोन खांबांमधले अंतर कमी, उजेड मोजका. कोरीवकामाला मात्र वाव भरपूर. विटेट यांच्या इमारती कितीही विलायती असल्या तरी त्यांचे रूप या दगडी परंपरेचेच. काँक्रीटने हा हिशेब बदलला. काँक्रीट दाब सोसते, त्यात पुरलेली सळई ताण सोसते. दोन्ही मिळून खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहतो आणि भिंतीला भार वाहण्याचे काम उरत नाही. मग खिडक्या रुंद करता येतात, दालने मोकळी ठेवता येतात, मजले आखता येतात. खोट्या खांबांची व नक्षीची गरज राहत नाही. सरळ रेषा हाच अलंकार ठरतो. चौथ्या दशकात मुंबईचा मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाची पश्चिम बाजू याच नव्या रीतीने सजली. २०१८ साली युनेस्कोने त्या भागातील जुन्या-नव्या इमारतींना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

बॅलार्ड इस्टेटमध्ये जुन्या इमारतींच्या रांगेत अशी नवी वास्तू उभी करण्यात केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता, असे वाटते. इंचकेपच्या कंपनीच्या शेजारी त्यांच्याच धाटणीचे खांब उभारले असते, तर ती नक्कल ठरली असती. उलट राजवाड्याच्या किंवा मंदिराच्या शैलीत कचेरी बांधली असती, तर ती हौस ठरली असती. बांधकाम हाच ज्यांचा धंदा, सिमेंटचे नळ ज्यांच्या कारखान्यांतून निघत, बोगदे व पूल ज्यांचे मुनीम कागदावर मोजत, त्यांनी आपल्या कामाला शोभेल अशी वास्तू घेतली आणि तिला नावही आपल्या कामाचेच दिले. स्वतःचे नाव नाही, वडिलांचे नाव नाही, 'बांधकामाचे घर' एवढेच! कीर्तीची हाव धरणाऱ्या धनिकांच्या काळात हा संयम लक्षणीय आहे. मात्र कारखान्याच्या गावाला त्यांचे नाव लागले, हेही खरे आहे.

तेव्हा त्या गावाकडे येऊ. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्ण झाला आणि भाटघरच्या धरणाचे पाणी बारामती-इंदापूरच्या कोरड्या माळांवर आले. पाणी आले, तरी त्याचा उपयोग करण्यास लागणारे भांडवल सामान्य शेतकऱ्याजवळ नव्हते. ऊस हे खर्चाचे पीक. गुळाचे भाव पडले की शेतकरी सावकाराच्या दारात. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव येथे वालचंदांनी १९२३ पासून शेतीचा मोठा प्रयोग सुरू केला होता. माळरानावरील दगड वेचून, माती भरून, पाणी आणून त्यांनी तेथे मळे फुलविले. त्याच अनुभवाच्या बळावर इंदापूर तालुक्यात कळंब येथे नीरेच्या काठी उसाचे विस्तीर्ण मळे तयार झाले. हे काम मार्सलँड प्राईस या त्यांच्या ताब्यात आलेल्या जुन्या कंपनीच्या नावे चाले. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविली आणि देशभर साखर कारखाने निघू लागले. लवकरच रावळगाव व कळंब या दोन्ही ठिकाणी साखर तयार होऊ लागली. कळंबच्या शिवारात कामगारांची घरे, शाळा, दवाखाना, बाजार यांसह वसाहत उभी राहिली. तीच वालचंदनगर.

त्या वसाहतीने या भागाचे जीवन किती बदलले, हे जुन्या पिढीतील मंडळी अधिक अधिकाराने सांगू शकतील. दुष्काळात खडी फोडण्यास जाणाऱ्या कुटुंबांना हंगामी का होईना रोख मजुरी मिळू लागली. बैलगाडीवाले, सुतार, लोहार, किराणा दुकानदार यांचे संसार त्या कारखान्याभोवती उभे राहिले. त्यांत आपल्या समाजातील अनेक कुटुंबेही होती. पुढे कारखान्याच्या दुरुस्तीशाळेतून यंत्रनिर्मितीचा विभाग वाढला. साखर कारखान्यांची अवजड यंत्रे तेथे होऊ लागली. पुढील काळात तर अग्निबाणांचे भाग तेथे तयार झाले आणि इस्रोच्या मोहिमांसाठी गेले. वालचंद शेठ हे पाहण्यास हयात नव्हते.

परंतु या यशाची दुसरी बाजूही नमूद करणे न्यायाचे ठरेल. खासगी साखर कारखान्यांचे मळे ज्या जमिनींवर उभे राहिले, त्यांतील पुष्कळ जमिनी शेतकऱ्यांनी खंडाने दिलेल्या होत्या. अडचणीत असलेल्या माणसाचा खंडाचा करार म्हणजे बहुधा दुसऱ्याच्या अटींवरचा करार. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर कारखान्यांचे हे मळे सरकारने घेतले आणि ते शेती महामंडळाकडे गेले. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर व रत्नपुरी येथील मळे त्यांतलेच. मूळ खंडकरी शेतकऱ्यांच्या जमिनी परत मिळण्यास मात्र २०१२ साल उजाडावे लागले. या दीर्घ विलंबाचा दोष शेठजींच्या माथी मारणे योग्य होणार नाही, कारण तो त्यांच्या निधनानंतरचा इतिहास आहे. तरीही उसाच्या हिरव्या पट्ट्याची कथा सांगताना त्या कुटुंबांच्या दोन पिढ्यांची प्रतीक्षा विसरू नये.

सार्वजनिक जीवनातही त्यांचा दबदबा होता. १९२७ साली भारतीय व्यापारी व उद्योगपतींच्या महासंघाच्या स्थापनेत ते होते आणि १९३२-३३ मध्ये त्याचे अध्यक्ष झाले. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना १९२७ सालचीच, आणि तीही त्यांच्या पुढाकाराने. मराठी माणूस व्यापारात मागे आहे अशी हळहळ सभांतून होत असे. त्यावर वालचंदांनी एक संस्था काढून दाखविली.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. या वयात बहुतेक शेठ पेढी मुलांकडे सोपवितात. त्यांनी मात्र एकाच वेळी तीन प्रचंड उद्योगांस हात घातला. १९३९ साली अमेरिकेहून पूर्वेकडे येणाऱ्या विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या विमान उद्योजकाशी भेट झाली आणि हिंदुस्थानात विमाने बांधण्याची कल्पना तेथेच आकारास आली. म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जमीन व भांडवल देऊ केले. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली आणि ऑगस्ट १९४१ मध्ये तेथे जुळविलेले पहिले शिकाऊ विमान आकाशात उडाले. अवघे आठ महिने! १९४२ साली युद्धाच्या निकडीमुळे सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही त्याच रोपाची वाढ.

जहाजबांधणीचा कारखाना कलकत्त्यास काढण्याचा विचार होता. तेथे जागा न मिळाल्याने विशाखापट्टणम् निवडले गेले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच एप्रिलमध्ये त्या बंदरावर जपानी बाँब पडले. काम रखडले, पण सुटले नाही. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'जल उषा' हे जहाज पाण्यात सोडण्यात आले. १९५२ साली त्याही कारखान्याचा मोठा हिस्सा सरकारकडे गेला. तिसरा उद्योग मोटारींचा. युद्धकाळात सरकारने त्यास दाद दिली नाही. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने वाहने बाहेर पडू लागली. याच कारखान्याची 'पद्मिनी' मोटार पुढे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घरोघर माहीत झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिच्यावर स्तंभ लिहिले.

विमाने गेली, जहाजांचा कारखाना हातातून सुटू लागला. उभे करावयाचे आणि नंतर ते राष्ट्राच्या स्वाधीन होताना पाहावयाचे, असा योग त्यांच्या आयुष्यात वारंवार आला. अपरिग्रहाचा उपदेश ऐकत वाढलेल्या माणसाला हे सोपे गेले असेल असे म्हणण्याचा मोह होतो, पण तसे म्हणणे उचित नाही. ते उद्योगपती होते, मुनी नव्हते. नुकसानभरपाईसाठी आणि हक्कासाठी ते अखेरपर्यंत भांडले.

१९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० साली त्यांनी कारभारातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरच्या आजारपणात त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. गुलाबचंद, रतनचंद व लालचंद या बंधूंनी पुढे उद्योगांची धुरा वाहिली. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास १९५५ साली त्यांचे नाव देण्यात आले; सोलापुरातही त्यांच्या नावाची महाविद्यालये निघाली. भारत सरकारने २००४ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

बॅलार्ड इस्टेटमधील त्या दोन वास्तूंचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. सिंदिया कंपनी कालांतराने डबघाईस आली आणि तिच्या बोटी समुद्रावरून नाहीशा झाल्या. सिंदिया हाऊसमध्ये आयकर खात्याच्या कचेऱ्या आल्या. जेथून इंचकेपशी झुंज चालली, तेथे व्यापारी मंडळी विवरणपत्रे घेऊन जिने चढू लागली! १ जून २०१८ रोजी त्या इमारतीच्या वरच्या मजल्यांना मोठी आग लागली आणि ती विझविण्यास अग्निशामक दलाला बराच वेळ झुंजावे लागले. कन्स्ट्रक्शन हाऊस मात्र आपल्या जुन्या धंद्याशी नाते राखून राहिले. इंडियन ह्यूम पाईप कंपनीचा पत्ता वर्षानुवर्षे तोच छापला जात आला : कन्स्ट्रक्शन हाऊस, ५, वालचंद हिराचंद मार्ग, बॅलार्ड इस्टेट, मुंबई.